पाणी टाका, पुढे चला

सोलापुरात ‘वालचंद’ म्हटलं की समोरच्याला कॉलेज आठवतं. “पोरगा वालचंदला आहे” एवढं सांगितलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. हे नाव ज्यांचं, ते वालचंद हिराचंद दोशी २३ नोव्हेंबर १८८२ रोजी याच गावात जन्मले. जहाजं, विमानं, साखर, बांधकाम अशी त्यांची कामगिरी शाळेच्या पुस्तकात येऊन जाते. मोटार मात्र मागे राहते, आणि आपल्या आईवडिलांच्या पिढीने वालचंदांची जी एकच गोष्ट हाताने पुसली, धुतली, ढकलली, ती ही मोटारच!

भारतात मोटार बनवायची हे स्वप्न खरं तर त्यांच्या एकट्याचं नव्हतं. विश्वेश्वरय्यांनी १९३०च्या दशकात तशी योजना मांडली होती आणि १९३७ साली आलेल्या मुंबई प्रांताच्या काँग्रेस मंत्रिमंडळाचा तिला पाठिंबा होता. वालचंद १९३९ मध्ये अमेरिकेत गेले. फोर्डकडे जमलं नाही, क्रायस्लरशी जमलं. तेवढ्यात महायुद्ध सुरू झालं आणि इंग्रज सरकारला इथे मोटारींचा कारखाना उभा राहण्यात काही रस नव्हता. शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी क्रायस्लरच्या गाड्या निघाल्या, मग १९५०च्या दशकात इटलीच्या फियाटशी हातमिळवणी होऊन फियाट ११०० आली. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनचा अहवाल आला आणि नुसते सुटे भाग आणून इथे जोडणाऱ्या फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला. त्याच वर्षी ८ एप्रिलला वालचंद गेले. पुढे जिला १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणू लागले ती गाडी त्यांनी पाहिलीच नाही.

आपण मात्र तिला शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हणत राहिलो. असो.

आता एवढी प्रस्तावना कशासाठी? तर एका वीतभर रबरी नळीसाठी. रेडिएटरपासून एंजिनापर्यंत जाणाऱ्या. पुस्तकात तिला ‘होज’ म्हणतात. आपल्या गॅरेजात ‘वरचा पाइप’ आणि ‘खालचा पाइप’. मोटारींचा इतिहास लिहिणारे लोक कारखान्यांबद्दल, मालकांबद्दल, संपांबद्दल लिहितात. या पाइपबद्दल कोणी लिहीत नाही, आणि गाडी रस्त्यात बंद पडते ती बऱ्याचदा या पाइपमुळे.

पेट्रोल जाळून जी उष्णता तयार होते तिच्यातली साधारण एक तृतीयांश गाडी पुढे न्यायला देखील उपयोगी पडत नाही आणि धुरातूनही जात नाही. ती धातूत शिरते. ती काढली नाही तर एंजिन स्वतःलाच भाजून घेतं. कार्ल बेंझच्या १८८६ सालच्या तीनचाकीत यावर उपाय अगदी बाळबोध होता. सिलिंडरभोवती पाणी ठेवायचं आणि ते उकळून उडून जाऊ द्यायचं. ऑगस्ट १८८८ मध्ये त्याची बायको बर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे शंभरेक किलोमीटरवर माहेरी गेली, तेव्हा वाटेत दिसेल त्या ओढ्याचं, विहिरीचं पाणी गाडीला पाजत गेली. जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास हा असा ‘पाणी टाका, पुढे चला’ पद्धतीचा होता. आपल्याकडे ही पद्धत पुढे जवळजवळ शंभर वर्षं टिकली.

तेच तेच पाणी फिरवून गार करायची युक्ती नीट जमली ती विल्हेल्म मायबाखला. १९०० साली त्याने मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. सहा मिलिमीटर रुंदीच्या आठ हजारांवर चौकोनी नळकांड्या, त्यांतून वारा जाणार आणि भोवतीचं पाणी गार होणार. मग प्रश्न आला तो जोडायचा. एंजिन थरथरतं, रेडिएटर चौकटीला घट्ट बांधलेला. दोघांच्या मध्ये लोखंडी नळी घातली तर ती चार दिवसांत तडकेल. म्हणून रबर. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला गंधक घालून रबर तापवायची रीत सापडली नसती तर उन्हात चिकट आणि थंडीत कडक होणारं रबर या कामाला आलंच नसतं. त्या रबराला आवळून धरणारी, आत दातेरी पट्टी आणि वर स्क्रू असलेली क्लिप ल्यूमली रॉबिन्सन या ब्रिटिश आरमारातल्या अधिकाऱ्याची. पेटंट १९२१चं. आज शंभर वर्षं उलटली तरी प्लंबरपासून मोटारमिस्त्रीपर्यंत सगळ्यांकडे तीच असते.

म्हणजे थरथरणारी वस्तू आणि स्थिर वस्तू यांच्यामधला सांधा, असं या पाइपचं काम. दोन्हीकडचा त्रास त्यालाच.

वालचंदांच्या गाडीला खरा त्रास व्हायचा तो घाटात. मुंबईहून सोलापूरकडे परत येताना खोपोली सोडली की बोरघाट सुरू व्हायचा. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, टपावर सामान, आत सात माणसं. फियाटचा पंखा एंजिनावरच्या पट्ट्यावर फिरणारा, त्यामुळे पुढची ट्रक अडली की एंजिन मंद आणि पंखाही मंद, म्हणजे नेमकी वाऱ्याची गरज असते तेव्हाच वारा नाही. शिंग्रोबाच्या देवळापाशी नाणं टाकायला थांबायचं ते देवासाठी आणि बॉनेट उघडण्यासाठीही. वर खंडाळ्यापर्यंत कडेला तोंड वासून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. (याच घाटातल्या रेल्वेच्या बोगद्यांचं काम १९२०च्या दशकात वालचंदांच्याच बांधकाम कंपनीने केलं होतं. आगगाडी बोगद्यातून ऐटीत जायची आणि त्यांचीच मोटार बाहेर वाफा सोडत उभी!) २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, गाड्याही बदलल्या, आणि ते दृश्य बघता बघता नाहीसं झालं.

तेव्हा डिकीत पाण्याचा कॅन ही स्टेपनीइतकीच आवश्यक वस्तू होती. तुळजापूरला जायचं असलं तरी कॅन भरूनच. पाणी कुठलं? नळाचं, विहिरीचं, बोअरचं, ढाब्यावरच्या हौदाचं. पाणी ते पाणी! सोलापूरला पाण्याची चैन कधीच नव्हती. इंग्रजांनी १८७१ मध्ये एकरुखचा तलाव पुरा केला तो शेतीसाठी आणि गावासाठी. उजनीचं पाणी त्यानंतर शंभरेक वर्षांनी. कित्येक वर्षं नळ चार-चार दिवसांआड यायचा. अशा गावात बोअर घेणं अपरिहार्य, आणि काळ्या पाषाणातून वर येणारं बोअरचं पाणी जड असतं. बादलीच्या कडेला पांढरं वर्तुळ धरतं, गिझरची कॉइल खातं. तेच पाणी आपण रेडिएटरमध्ये ओतत आलो.

इंग्रजी मुलखात याला पर्याय होता. इथिलीन ग्लायकॉल पाण्यात मिसळून विकायला १९२०च्या दशकाच्या अखेरीस सुरुवात झाली. पण त्याचं नाव पडलं ‘अँटीफ्रीझ’, म्हणजे गोठू न देणारं. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंश बघणाऱ्या सोलापूरकराला गोठण्याची भीती कुणी घालावी? हसून सोडून दिलं असणार सगळ्यांनी. माझ्या मते या एका नावाने आपल्या गाड्यांचं जेवढं नुकसान केलं तेवढं घाटांनीही केलं नसेल. कारण त्या डब्यात गोठू न देण्याखेरीज आणखी दोन गुण असतात. निम्मं-निम्मं मिसळलं की ते उकळतं शंभरऐवजी एकशेसात अंशांच्या आसपास, आणि त्यातली रसायनं लोखंडाला गंज चढू देत नाहीत, अ‍ॅल्युमिनियम खाऊ देत नाहीत. हे दोन्ही गुण बर्फाच्या मुलखापेक्षा आपल्याला जास्त हवे होते. पुढे बंद टाकीच्या, विजेच्या पंख्याच्या गाड्या आल्या, नाव बदलून ‘कूलंट’ झालं, तेव्हा कुठे ते आपल्या गळी उतरलं.

हे सगळं मला पुस्तकातून ठाऊक होतं. हाताला लागलं ते मामांच्या गाडीमुळे.

मामांकडे १९८६ची पद्मिनी आहे. मुरारजी पेठेतल्या वाड्यात दाराशी उभी असते. मामा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. गिअरचा दांडा स्टिअरिंगला असलेली गाडी ते चाळीस वर्षं चालवत आले, दुसरी कुठली चालवायला शिकण्याचा त्यांचा विचार नाही आणि आता कोणी शिकवणारही नाही. मामींचे गुडघे गेलेले, पण फियाटच्या अखंड सीटवर त्यांना बूड टेकवून आत सरकता येतं. आठवड्यातून दोनदा दवाखाना, एकदा सिद्धेश्वर. गाडी गेली म्हणजे मामांचं गाडी चालवणंच संपलं. हे घरात सगळ्यांना कळत होतं, बोलत कोणी नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात गाडी गरम होऊ लागली. तीन दिवसांत लिटरभर पाणी कमी. खाली फरशीवर थेंब दिसे तो कधीमधीच. एका गॅरेजात सांगितलं, हेड गॅस्केट गेलंय, एंजिन उघडावं लागेल, आणि एवढ्या जुन्या गाडीवर खर्च करण्यापेक्षा भंगारात द्या. मामांनी भंगारवाल्याला फोन करून भावही विचारला होता. मग म्हणाले, “एकदा त्या म्हाताऱ्याला दाखवू.”

म्हातारा म्हणजे मामांचा जुना मिस्त्री. काम सोडलेलं, पण विजापूर रोडला मुलाच्या गॅरेजात खुर्ची टाकून बसतो. त्याने बॉनेट उघडलं आणि पहिल्यांदा ऑइलची पट्टी ओढून बघितली. पाणी ऑइलमध्ये शिरलं असतं तर ऑइल दुधाच्या चहासारखं झालं असतं. ते स्वच्छ होतं. एंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू केली आणि आत डोकावत राहिला. बुडबुडे नाहीत. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही.

“एंजिन चांगलं हाय मालक. पाणी कुटं जातंय ते बगू की आधी.”

मग त्याने जे केलं ते मी मन लावून बघितलं. सगळे पाइप, सगळे सांधे फडक्याने कोरडे केले. पोराला पाठवून कॅरमची पावडर आणवली आणि खालच्या बाजूला सगळीकडे भुरभुरवली. झाकण लावलं, गाडी काटा वर येईपर्यंत चालवली आणि बंद केली. “आता चा पिऊ.” चालू गाडीत गळती सापडत नाही असं त्याचं म्हणणं. खालच्या पाइपातून वॉटर बॉडी पाणी ओढत असते, तिथे दाब कमी असतो. शिवाय वाऱ्याने थेंब उडतो, गरम धातूवर पडला तर दिसायच्या आत वाळतो. एंजिन बंद केलं की पाणी फिरायचं थांबतं, धातूतली उष्णता त्यात उतरते, दाब चढतो. तेव्हा चोर बाहेर येतो.

दहा मिनिटांनी पावडरमध्ये एक ओली रेघ उमटली. थेंब पडत होता रेडिएटरच्या खालच्या टाकीपाशी, त्यामुळे आधी बघणाऱ्या सगळ्यांनी टाकीवर संशय घेतलेला. रेघ मात्र तिथून पाइपच्या पोटाखालून मागे मागे जात वॉटर बॉडीच्या तोंडाशी पोचली. तिथली क्लिप पंख्याच्या आड, वरून दिसतच नाही.

पाणी काढून टाकलं तर ते पिवळं! मामा जरा गप्प झाले. मग मामींनीच फोनवर सांगितलं की दर वेळी कॅनमध्ये दोन चमचे हळद जात होती. रेडिएटरच्या बारीक भोकाला हळद हा आपल्याकडचा जुना इलाज, पेट्रोलच्या टाकीला साबण तसा. हळद फुगते, भोकात अडकते, गळती थांबते हे खरंच. पण ती भोक कुठलं आणि रेडिएटरची नळी कुठली हे ओळखत नाही. दोन्हीकडे अडकते.

पाइप काढला. मधला भाग दाबून बघितला तर ठणठणीत. टोकाकडचे तीन बोटं मात्र भिजलेल्या पावासारखे मऊ, आणि आतून उभ्या बारीक चिरा. रबर हे बहुधा टोकाशीच असं मरतं, कारण तिथे ते धातूला चिकटून असतं आणि पाण्याच्या सोबतीने तिथे मंद विजेचा खेळ चालतो. म्हणून पाइप तपासायचा तर मधे दाबून उपयोग नाही, क्लिपच्या शेजारी दाबावा. हे मला त्या दिवशी कळलं.

मला वाटलं, झालं, नवा पाइप घाला. मिस्त्री म्हणाला, थांबा. त्याने वॉटर बॉडीच्या तोंडावरून बोट फिरवलं आणि माझंही धरून फिरवायला लावलं. तोंडाभोवती तपकिरी-पांढरं कडं जमलेलं, दगडासारखं, कुठे उंच कुठे खोल. त्याच्यावर कसला पाइप बसणार? म्हणूनच गेल्या काही वर्षांत तीन पाइप बदलून झाले होते, दर वेळी क्लिप आणखी आवळली होती, आणि आवळलेल्या क्लिपने रबर आणखी कापलं होतं. दोष ना पाइपचा, ना क्लिपचा. ते कडं म्हणजे चाळीस वर्षांचं बोअरचं पाणी होतं. मामांच्या वाड्यातलं, तुळजापूरच्या वाटेवरचं, खोपोलीच्या हौदातलं, थर थर साठलेलं. मला एकरुखच्या तलावापासूनचा सगळा इतिहास नखाला लागल्यासारखा वाटला.

ते कडं काढायला दीड तास गेला. आधी बोथट पात्याने हळूहळू, मग पॉलिश पेपर पट्टीसारखा गुंडाळून दोन्ही हातांनी मागेपुढे. धातू खाल्ला गेलेला होता, पण पाइप जिथे बसतो तिथे एका बोटाएवढी गोल, गुळगुळीत जागा मिळाली. तेवढी पुरते. रेडिएटर उतरवून खालून वर पाणी सोडून धुतला, हळद आणि गंज तांब्यांनी निघाला. खालच्या पाइपात पूर्वी एक स्प्रिंग असायची, ओढीने पाइप चपटा होऊ नये म्हणून. ती जुन्या पाइपातून काढून नव्यात सरकवली. क्लिप तोंडाच्या कडेच्या उंचवट्यापलीकडे बसवली, कडेवर नाही. आवळली ती रबर किंचित दबेल इतकीच.

मग थर्मोस्टॅट. तो जागेवर नव्हताच! कधीकाळी गरम होते म्हणून कोणीतरी काढून टाकलेला. हीही आपली सार्वत्रिक रीत. गरम होणाऱ्या गाडीतून थर्मोस्टॅट काढायचा म्हणजे तापाच्या रोग्याचा थर्मामीटर फेकून द्यायचा तसं झालं. मिस्त्रीने मुलाला शोधायला लावलं, दोन दिवसांनी तोही मिळाला. सुटे भाग अजून मिळतात, पण शोधावे लागतात. पद्मिनीचं उत्पादन थांबून पाव शतक होत आलं, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही मुदत संपून गेली. टॅक्सी होत्या तोवर सुट्या भागांना गिऱ्हाईक होतं.

कूलंट घालायचा की नाही यावर मामा आणि मिस्त्री यांच्यात वाद झाला. आश्चर्य म्हणजे मामा ‘घाला’ म्हणत होते आणि मिस्त्री बिचकत होता. त्याचं म्हणणं, जुन्या एंजिनात जिथे जिथे गंजाने भोक बुजवून ठेवलंय तिथे तिथे आता खपली सुटेल आणि दुसरीकडून गळेल. म्हणणं चुकीचं नव्हतं. आठवड्याने वरच्या पाइपापाशी पाझर सुटलाच. तिथलंही कडं खरवडलं. त्यानंतर दोन महिने काटा मधेच आहे, सिद्धेश्वरला जाताना आणि दवाखान्याच्या दारात वाट बघत उभं राहतानाही.

डिकीत पाच लिटरचा कॅन अजून आहे. मामा तो काढायला तयार नाहीत. फक्त त्यात आता बोअरचं पाणी नसतं. बॅटरीचं शुद्ध पाणी आणि हिरवा कूलंट निम्मा-निम्मा असतो. ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी, सांडलं तर गल्लीतली कुत्री चाटतात हे मिस्त्रीने बजावून सांगितलंय, म्हणून झाकणावर मामींनी सुतळी बांधून ठेवली आहे.